लोह्याच्या वैद्यांचा दोष नव्हता

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, अक्रोडाएवढी असते, मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि वय वाढलं की फुगते, हे मी नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवत आलोय. शिकवतो म्हणजे काय, फळ्यावर आकृती काढतो, बाण करून नाव लिहितो आणि पोरं हसायच्या आत पुढं सरकतो. एका मिनिटाचं काम. त्या मिनिटापलीकडं मी या ग्रंथीबद्दल कुणाशी बोललो नाही. बायकोशी नाही, डॉक्टरशी नाही, अप्पांशी तर नाहीच. न बोलण्यानं काय झालं ते लिहायला बसलोय आणि तासाभरात तीनदा उठलोय. त्यातलं एकदाच गरज म्हणून.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. लातूरच्या मोंढ्यात करडी-सोयाबीनच्या व्यवहारात सगळं आयुष्य गेलं, आता घरी असतात. आई गेल्यापासून माझी थोरली बहीण, अक्का, दोन गल्ल्या पलीकडून त्यांचं बघते. मी शनिवारी एस.टी.नं जातो, रविवारी परत. गेल्या दिवाळीला अप्पा नांदेडला माझ्याकडं आले होते. बाथरूममध्ये गेले की बराच वेळ बाहेर यायचे नाहीत. चौथ्या दिवशी भिंतीकडं बघत स्वतःच म्हणाले, "नळ बंद केल्यावर थेंब थेंब गळतंय बग, तसं होऊन राहिलंय."

मी त्यांना सोनोग्राफीला नेलं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं गेलो तर त्यांनी मला एकट्यालाच आत घेतलं. "लघवी बरीच मागं राहते आहे," ते म्हणाले. "किडनीवर ताण दिसतोय. थोडे दिवस नळी घालू, मग दुर्बिणीतून ऑपरेशन. पुढं ढकलू नका."

बाहेर बाकावर अप्पा ताटकळत बसले होते. "काय म्हणला?"

"काही नाही. वयाचं आहे म्हणाले."

"मग फुकाच त्या सोनोग्राफीला लिटर लिटर पाणी पाजलं की रे मला!"

तो रिपोर्ट मी कॉलेजच्या कपाटात प्रॅक्टिकलच्या वह्यांखाली ठेवला. आता ठेवला म्हणतो. लपवला, हे खरं.

का लपवला? अप्पा घाबरतील म्हणून, असं मी माझ्या मनाला सांगत होतो. खरं कारण असं की मलाही तेच होत होतं. वय बावन्न. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा, अहमदपूर, चाकूर, कुठल्या स्टँडवर मुतारी कुठल्या बाजूला आणि गाडी किती मिनिटं थांबते, हे मला कंडक्टरपेक्षा जास्त पाठ झालं होतं. कॉलेजात मुतारीत कुणी आलं की फोन कानाला लावून उभा राहायचो, म्हणजे वेळ का लागतोय ते विचारणार नाहीत. आणि स्टाफरूममध्ये एकदा कुणीतरी बोललं होतं की हे ऑपरेशन झालं की नवरा-बायकोचं सगळं संपतं. खरं-खोटं विचारायला मी शरीरशास्त्राचा मास्तर असून गेलो नाही. अप्पांचं ऑपरेशन मान्य केलं की आज ना उद्या माझंही मान्य करावं लागणार, ही ती भीती. म्हणून मी दुसरे मार्ग शोधले. आणि ते आधी अप्पांवर बघितले.

हे वाक्य लिहायला मला कित्येक महिने लागले.

लोह्याला एक वैद्य आहेत, सत्तरीचे. स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन खोल्या, बाहेर एक बाकडं. मुतखड्याला नि लघवीच्या त्रासाला माणसं लांबून त्यांच्याकडं येतात. एका शनिवारी मी मध्येच उतरलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रात्री किती वेळा, जोर लावावा लागतो का, पाय सुजतात का. मग म्हणाले, "सोनोग्राफी दाखवा."

"घरी राहिली. नॉर्मल आहे."

"मागं किती राहतंय ते लिहिलं असंल की त्यात."

"काही राहत नाही म्हणाले."

"सर, मागं राहत असंल तर माझ्या काढ्याचं ते काम न्हाई, बरं का. तिथं नळीच पाहिजे. पुढच्या बारीला घेऊन या." पुढच्या वेळी विसरलो म्हणालो. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलंच नाही. मास्तर माणूस खोटं कशाला बोलेल.

गोखरू, वायवर्ण्याची साल, पुनर्नवा. सकाळ-संध्याकाळ काढा. कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं बसायचं. संध्याकाळनंतर चहा बंद. एकदा झाल्यावर लगेच उठायचं नाही, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. आणि दिवसा पाणी भरपूर. भोपळ्याच्या भाजलेल्या बिया मी माझ्या मनानं घातल्या, मोबाइलवर वाचून. यातलं काही वाईट नव्हतं. मागाहून मी स्वतःही तेच करू लागलो आणि मला थोडा आराम पडलाही. चहा सोडल्याचा, की काढ्याचा, की नुसत्या आशेचा, ते आजही सांगता येणार नाही. पण माझा त्रास नुकता सुरू झालेला आणि अप्पांचं पाणी पार किडनीपर्यंत वर चढलेलं.

अप्पा खूश होते. शेजाऱ्यांना सांगायचे, "माझ्या पोरानं असं औषध आणलंय, दिसातून पंधरा-पंधरा बारी मोकळं होतंय." भरलेला रांजण वरून सांडतो, तसं ते होतं. आत काही रिकामं होत नव्हतं. एखाद्या पोराच्या पेपरात हे उत्तर नसतं तर मी मार्क कापले असते. त्यांची भूक गेली होती, सांजच्याला पावलांवर सूज यायची. मला दिसत होतं. मी सूज बघायचो आणि विचारायचो, "काढा संपला का?"

आणखी एक गोष्ट होती, ती मला उशिरा कळली. आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन अप्पा पूजेला बसतात. मध्ये उठायचं नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. उठावं लागू नये म्हणून त्यांनी आदल्या दुपारपासून पाणी तोडलं होतं. वैद्यांनी भरपूर प्या सांगितलेलं, आणि हे घोटभर घेऊन काढा ढोसत होते. तरी पूजेत धोतराला थेंब लागलाच तर उठून पुन्हा थंड पाण्यानं आंघोळ, पुन्हा पूजा. माघात अशा तीन-तीन आंघोळी झाल्या. सर्दी भरली. मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली, दोन दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळपासून एक थेंब नाही.

अक्काचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. लातूरला पोचेपर्यंत दवाखान्यात नळी घातली होती. पिशवी एकदा रिकामी करून दुसऱ्यांदा भरत आली होती. डॉक्टर तरुण होते. "सर्दीच्या गोळीनं मूत्राशयाचं तोंड बंद झालं. पण हे कालचं नाही," ते म्हणाले. "दोन्ही किडन्या सुजल्यात. आधी कधी सोनोग्राफी केली होती का?"

अक्का म्हणाली, "केली की, नांदेडला. नॉर्मल होती. न्हाई का रे?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही सांगता येत नाही.

मग तिनं कॉरिडॉरमध्येच लोह्याला फोन लावला. स्पीकरवर. मी शेजारी उभा. "काय घातलंव हो माझ्या बापाला? किडनी घालवलीव तुमी! वैद्य हाव का कसाई?"

पलीकडून वैद्यांचा आवाज शांत होता. "ताई, आधी पेशंट कसाय ते सांगा. मी रिपोर्ट दोनदा मागितला होता. सरांनी नॉर्मल सांगितलं."

"आता माझ्या भावावर ढकलायलाव व्हय!" तिनं फोन हातानं झाकला आणि मला विचारलं, "यांनी रिपोर्ट मागितला होता का रे तुला?"

"नाही," मी म्हणालो.

एकच शब्द. रिपोर्ट लपवला ते भीतीनं, त्याला निदान नाव आहे. या शब्दाला मला अजून नाव सापडलं नाही.

त्याच संध्याकाळी अक्कानं भावकीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. लोह्याच्या भोंदू वैद्यापासून सावध राहा, आमच्या अप्पांची किडनी घालवली. वैद्यांचं नाव, ठिकाण, सगळं. दोन दिवसांत तो चाकूरच्या माझ्या साडूकडून फिरून मलाच आला, वर लाल खुणा लावून. आठवड्यानं एस.टी.तून जाताना बघितलं तर वैद्यांच्या दारासमोरचं बाकडं रिकामं होतं. शनिवारी तिथं बसायला जागा मिळत नसे.

अप्पांना घरी आणलं. ऑपरेशन किडन्या जरा सावरल्यावर, तोवर नळी. पिशवी रिकामी करायचं काम मी सुट्टी काढून अंगावर घेतलं. सगळे म्हणाले, लेक असावा तर असा. एका सकाळी पिशवी धुऊन आणली तर अप्पा नळीसकट खुर्चीवर पूजेला बसलेले. हातावर लिंग, मांडीला पिशवी. झाल्यावर म्हणाले, "ज्याच्या गळ्यात लिंग हाय त्याला इटाळ न्हाई, हे मी आख्ख्या मोंढ्याला सांगत होतो. माझ्यावर आलं तर धोतर धूत बसलो. येडा म्हातारा."

त्यांनी स्वतःवर दोष घेतला आणि माझ्यानं राहवेना. उभ्यानंच सांगितलं. नांदेडचा डॉक्टर काय म्हणाला होता, रिपोर्ट कुठं आहे, मला काय होतंय, वैद्य काय म्हणाले, कॉरिडॉरमध्ये मी काय म्हणालो.

अप्पांनी मांडीवरची नळी हातानं सरळ केली. मग म्हणाले, "म्हंजी माझ्यावर टेस घेतलास."

"हो."

"मोंढ्यात मूठभर माल हातावर घेऊन बघतात, तसं." मी मान खाली घातली. "वर बग. मला कामून सांगायलास? माझं जे जायचं ते गेलं. ज्याचं नाव तुमी दोघांनी घालवलाव, त्याला सांगितलास का? आधी अक्काला सांग. आताच. ती येऊन राहिली डबा घेऊन."

अक्काला स्वयंपाकघरात सांगितलं. ती डबा पुसत होती, पुसतच राहिली. ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला मी कसाई म्हणले रे. तू शेजारी उभा होतास." मग माझा फोन माझ्या हातात दिला. "लिही. मी लिहिणार न्हाई. तूच."

मी लिहिलं. सरळ, सगळं. माझ्या आजारासकट, कारण तो वगळला तर कारण कळत नव्हतं. मग एकानं हात जोडल्याची खूण टाकली, पाठोपाठ कुणीतरी लग्नाची पत्रिका टाकली आणि ग्रुप पुढं गेला. पण आधीचा मेसेज जिथवर गेला होता तिथवर हा गेला नाही. हा कुणी लाल खुणा लावून पुढं पाठवला नाही.

म्हणून शनिवारी मी लोह्याला उतरलो. सोबत तो रिपोर्ट होता, नांदेडला जाऊन वह्यांखालून काढलेला. वैद्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. शेवटी एका ओळीवर बोट ठेवलं. "हेच विचारत होतो मी तुमाला."

"हो काका."

"अप्पा?"

मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. उजवी किडनी सावरली, डावीचं डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत.

मी माफी मागितली. ग्रुपवर लिहिल्याचं सांगितलं.

"कळलं ते. ताईंनी माझ्या नंबरावर पाठवलं, सुनेनं दाखवलं," ते म्हणाले. "पण सर, माझ्याकडं येणारी माणसं ग्रुप वाचत न्हाईत. त्यांनी ऐकलंय. ऐकलेलं ऐकूनच जातंय." त्यांनी दाराकडं बोट केलं. "बाहेर बाकडं हाय. आज बाजार हाय. बसा तिथं, येईल त्याला सांगा. मला न्हाई, त्यांना सांगा."

मला वाटलं टोमणा आहे. त्यांनी खलबत्ता पुढं ओढला आणि माझ्याकडं पाठ केली.

मी बाहेर येऊन बसलो. एस.टी.ची वेळ झाली होती, उठून जाता आलं असतं. दोनदा उठलोही. मग एक फेटेवाला म्हातारा बाजाराची पिशवी सांभाळत दारापर्यंत आला, घुटमळला आणि मला विचारलं, "मास्तर दिसताव. हितं कामून बसलाव? ह्या वैद्यानं लातूरच्या एका माणसाची किडनी घालवली मनतेत."

"तो माणूस माझा बाप आहे," मी म्हणालो. "आणि वैद्यांनी नाही घालवली. बसा, सांगतो."

तो पिशवी मांडीवर घेऊन बसला. मी सुरुवात केली, पुरःस्थ ग्रंथीपासून. त्याला समजेना. मग त्याला काय होतंय ते विचारलं आणि त्याचेच शब्द वापरून सरळ सांगितलं, मोठ्यानं, रस्त्यावर. रिपोर्ट लपवल्याचं सांगितलं. मागं राहतंय का ते आधी तपासून घ्या, कागद इथं आणून दाखवा, असं सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं. मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाला, "आन मास्तर, तुमचं? तुमी तपासलाव का?"

"नाही," मी म्हणालो.

"अरे तिच्या!" तो मोठ्यानं हसला आणि माझ्या दंडाला धरून उठला. "चला मंग. नांदेडची गाडी हाय आत्ता. दोघंबी तपासून येऊ."