वर्षाचं वचन

आमच्या यवतमाळच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या सकाळी वचनांची डबी फिरते. चिठ्ठ्यांवर शास्त्रातलं एकेक वचन लिहिलेलं असतं. न बघता चिठ्ठी उचलायची, उभं राहून मोठ्याने वाचायची. ते तुमचं वर्षाचं वचन. चिठ्ठ्या बाबा लिहीत आणि मी कापून घड्या घालत असे. कुणाला कोणती यावी हे देव ठरवतो, माणसाने त्यात लुडबूड करू नये, असा बाबांचा दंडक. एकदा मी स्वतःसाठी बरीशी चिठ्ठी वर ठेवली, तर त्यांनी सगळी डबी ओतून पुन्हा भरली होती.

बाबा निवृत्त मास्तर आणि मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, पंच. रविवारी उपासनेनंतर मोठ्यांचा वर्ग घेत. त्यांचा आवडता विषय एकच: जग घडवण्याआधीच देवाने आपली माणसं निवडली आहेत, त्याला सगळं आधीपासून ठाऊक आहे. हे सांगताना आपण निवडलेल्यांत आहोत याबद्दल त्यांना शंका नसायची. मला राग यायचा, कारण शेवटच्या बाकावर आई बसलेली असायची.

आई दारव्ह्याकडच्या हिंदू शेतकरी घरातली. लग्नानंतर एक रविवार चुकवला नाही, नाताळाला अख्ख्या मंडळीचा स्वयंपाक केला, पण बाप्तिस्मा घेतला नाही. "माह्या मायबापाले टाकून मी एकटी सरगात जाऊन काय करू?" एवढंच म्हणायची. प्रभुभोजनाचं, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायच्या भाकरीचं, ताट आलं की ती ते तसंच शेजारणीकडे द्यायची. पुढच्या बाकावरचे बाबा नेमके तेव्हा मान वळवून पाहायचे. चाळीस वर्षं हे असंच चाललं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आईच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं कळलं. जानेवारीत नागपूरला ऑपरेशन ठरलं. बाबांचा वर्ग बंद पडला. एका सकाळी आई तुरीच्या शेंगा सोलत होती, तिच्याजवळ खुर्ची ओढून ते म्हणाले, "आता तरी बाप्तिस्मा घे."

"कोन त्याचं हाये ते तुमच्या देवाले पयलेच मालूम हाये नं?" आई म्हणाली. "मंग तुमी काहून वळून वळून पाह्यता?"

मास्तर शेंगा सोलायला लागले.

त्या वर्षी चिठ्ठ्या कापायला त्यांनी मला बोलावलं नाही. मला बरंच वाटलं.

एक तारखेला डबी फिरली. पहिल्या बाईंनी वाचलं: देवाने तुला नाव घेऊन बोलावलं आहे, तू त्याची आहेस, अशा अर्थाचं वचन. दुसऱ्यालाही तेच आलं. लोक कौतुकाने हसले. तिसऱ्यालाही तेच, चौथ्यालाही तेच. पाचवे गृहस्थ वर्षातून एकदाच चर्चला येणारे, खिशात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवून बसलेले, त्यांनाही तेच. कुजबुज वाढली. पाळकसाहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबा आपल्या चपलांकडे बघत होते.

मग माझ्या ध्यानात आलं. डबी शेवटच्या बाकापर्यंत जाईपर्यंत तिच्यात काय उरेल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी सगळ्या चिठ्ठ्यांवर तेच वचन लिहिलं होतं. माझा सगळा राग त्या क्षणी गेला.

आई सगळ्यांत शेवटी उभी राहिली. तिने चिठ्ठी सावकाश, नीट वाचली आणि चष्म्याच्या घरात ठेवली.

परतताना ऑटोत ती बाबांना म्हणाली, "माह्या एकटीसाठी साऱ्या चर्चले निवडा लागलं तुमाले."

ऑपरेशन नीट झालं. मार्चमध्ये आई पुन्हा शेवटच्या बाकावर येऊन बसली. ताट आलं, तिने ते शेजारणीकडे दिलं. मी पुढच्या बाकाकडे पाहिलं. बाबांची मान सरळ होती.