सात नंबरच्या वर्गावरची तुळई

साडेबाराची घंटा झाली की मुलींच्या सरकारी हायस्कुलात बोलणं बंद. डबे मिटायचे, पडदे ओढायचे आणि वर्गावर्गातून चाळीस-बेचाळीस मुली दंडाची उशी करून बाकावर डोकं टेकवायच्या. एक वाजेपर्यंत झोप. झोप आली नाही तरी डोळे मिटायचेच. मान वर काढणाऱ्या मुलीचं नाव मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. दक्षिण तैवानच्या उन्हात हा अर्धा तास सगळ्यांना हवासा वाटे. शाळेचा शिपाई सुइखिम को याला मात्र अलीकडे त्याची धास्ती वाटू लागली होती.

सैन्यातली सक्तीची वर्षं संपवून तेविसाव्या वर्षी तो इथे लागला, आता अठ्ठावन्नचा होता. जपान्यांनी त्यांच्या राजवटीत बांधलेली लाल विटांची ही दुमजली इमारत त्याला घरापेक्षा जास्त ठाऊक होती. कुठली खिडकी उन्हाळ्यात फुगते, कुठली पायरी पावलाखाली बोलते, सगळं तोंडपाठ. बिजागरी असो की मुलीच्या छत्रीची काडी, त्याच्याकडे दिली की नीट होऊन परत येई. एके काळी त्याला काका म्हणणाऱ्या मुलींच्या लेकी आता त्याला काका म्हणत.

नवीन वर्षाच्या सुट्टीनंतर एका दुपारी तो सात नंबरच्या वर्गासमोरून चालला होता. आत श्वासांचा आवाज, आणि त्याच्या वर आणखी एक. टिक, टिक, टिक. कागदावर कुणी नखानं वाजवावं तसा. तो दाराशी थांबला. मधल्या रांगेत मॉनिटर फेइशान झोपली होती, आणि तिच्या काळ्याभोर केसांवर भुगा पडत होता. पिठासारखा बारीक.

तुळईत वाळवी होती. हे जगात त्याच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती लपवली होती त्यानंच.

अकरा वर्षांपूर्वी इमारतीचं नाव जुन्या वास्तूंच्या यादीत जायचं होतं. तपासणीला आठवडा उरलेला. तेव्हाचे मुख्याध्यापक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुइखिम, पाहुण्यांसमोर शाळेची लाज जायला नको." तुळईतल्या भोकात मूठ जात होती. त्यानं रद्दी वर्तमानपत्रं दाबून बसवली, वरून सरसात कालवलेला भुसा भरला, घासला, आणि बारीक कुंचल्यानं लाकडाच्या रेषा एकेक करून काढल्या. तपासणारे मान उंच करून बघत राहिले. "इतकी वर्षं झाली, पण लाकूड कसं तुकतुकीत आहे," म्हणाले. दाराशी पितळी पाटी लागली. आपल्या हातावर सुइखिम इतका खूश झाला की पुढच्या वर्षांत जिथे जिथे भोक दिसलं तिथे त्यानं तेच केलं. पाटी लागल्यापासून परवानगीवाचून खिळाही ठोकायचा नाही, असा नियम होता. त्यामुळे तुळया कुणी ठोकून बघत नसे. दर वर्षी माणसं यायची, बॅटरी मारायची, त्याची चित्रं बघून जायची. शिडी धरायला तोच असायचा.

मुली मैदानावर गेल्या तेव्हा त्यानं शिडी लावून तुळईत टोकदार आरी टोचली. मुठीपर्यंत गेली. हाताला काहीच लागलं नाही.

आणि या तुळईवर वरचा गाण्याचा हॉल उभा होता. शनिवारी शाळेचा वर्धापनदिन. दोनशे माजी विद्यार्थिनी तिथे उभ्या राहून शाळेचं गीत म्हणणार होत्या, पायानं ताल धरून.

"सांगून टाक," बायको सिऊहोंग म्हणाली. ती अंड्याच्या पोळ्यांची गाडी धूत होती.

"काय सांगू? सरांनी करायला लावलं म्हणून? वारलेल्या माणसाच्या तोंडाला काळं फासू?"

"त्यांच्या नाही, स्वतःच्या फास. कुंचला तुझ्याकडेच आहे."

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. काढून टाकतील."

"टाकू देत. पोळ्या उलटायला ये." तिनं फडकं पिळलं. "मी इतकंच विचारते, त्या खोलीत आपली पोर बसत असती तर तू आज जेवला असतास का?"

तो जेवला होता.

गुरुवारी तो मुख्याध्यापिका लो बाईंकडे गेला. "बाई, कार्यक्रम अंगणात घेतला तर? वर फार उकडतं."

"पंखे लावलेत ना, काका."

"जमीन जुनी आहे वरची."

"मागच्याच महिन्यात तपासणी झाली. लाकूड उत्तम, असं लिहून दिलंय त्यांनी. शिडी तुम्हीच धरली होतीत." बाई हसल्या. "वय झालं की माणूस सगळ्याला घाबरतो. माझे वडीलही असेच, लिफ्टमध्ये बसत नाहीत."

सांगायची वेळ हीच होती. तो वाकून नमस्कार करून बाहेर आला.

शुक्रवारी दुपारी वर्गात सगळ्या झोपल्या होत्या. टिकटिक ऐकू येत नव्हती. त्यानं वर पाहिलं. त्यानं काढलेल्या रेषांना आडवी छेदणारी एक नवी रेष तुळईवर होती, केसाएवढी. बघता बघता तिच्यातून भुसा गळला. एक वाजता वर रंगीत तालमीला मुली जमणार होत्या. भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक झाले होते.

ओरडलं तर बेचाळीस खुर्च्या एकदम सरकणार, धावपळ होणार. तो चवड्यांवर आत शिरला आणि फेइशानच्या बाकावर बोट वाजवलं.

तिनं एक डोळा उघडला. "काका, नाव लिहावं लागेल हं तुमचं."

"लिही. आधी बाहेर हो. बूट हातात घे. खुर्ची उचल, ओढू नको."

"भूकंप?"

"नाही. हळू."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं पुढे काही विचारलं नाही. ती एका रांगेतून, तो दुसऱ्या. खांद्याला हात, ओठांवर बोट. मुली अर्धवट झोपेत, मोज्यांवर, एकेक करत बाहेर निघाल्या. एकीचा डबा खाली पडला आणि झाकण बराच वेळ फिरत राहिलं. सुइखिमनं डोळे घट्ट मिटून घेतले. झाकण थांबलं. वर काही झालं नाही.

लो बाई व्हरांड्यातून झपझप आल्या. "झोपेच्या वेळेला वर्ग बाहेर? कुणी सांगितलं?"

"मी. बाई, वरचा हॉल बंद करा. आत्ता."

"काका, काल आपलं बोलणं झालंय."

"काल मी खरं बोललो नाही."

तो पुन्हा आत गेला. बाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तरी बाहेर या." भिंतीलगत, तुळईच्या टोकाशी, तो बाकावर चढला. त्यानं आरीनं स्वतःचंच काम खरवडायला सुरुवात केली. रंगाची साल सुटली, भुशाचा पापुद्रा पडला, आणि आतून पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राचा बोळा बाहेर आला. त्यामागे अंधार होता, आणि अंधारात पांढरं काहीतरी वळवळत होतं.

त्यानं खाली उतरून दिलेला बोळा बाईंनी उलगडला. तारीख वाचली. त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

बाहेर मोज्यांवर उभ्या मुली त्याच्याकडे बघत होत्या. "हात माझा होता," तो म्हणाला.

बाईंनी फेइशानला हॉलला कुलूप घालायला पिटाळलं आणि मग विचारलं, "अशा आणखी किती आहेत, काका?"

त्यानं फळ्यावरचा खडू उचलला आणि व्हरांड्यात आला. आठ नंबरच्या तुळईवर एक फुली. वाचनालयात दोन. प्रत्येक फुलीमागे बाई त्या खोलीतल्या मुलींना अंगणात पाठवत होत्या. जिन्याखाली एक. मुख्याध्यापिकांच्या खोलीत तो त्यांच्या टेबलाशी जरा घुटमळला, मग खुर्चीवर चढून बरोबर त्यांच्या बसायच्या जागेच्या वर, तुळईवर मोठी फुली काढली.

"पुढे," बाई म्हणाल्या.