कल्लाप्पाने साफ केलेली काच

बंगळूरच्या चिकपेटेतल्या गुरुराजच्या फोटो स्टुडिओत कल्लाप्पा बावीस वर्षं रिटचिंग करत होता, आणि त्या बावीस वर्षांत त्याला एकही चेहरा पसंत पडला नव्हता. निपाणीकडून आलेला हा गडी खिडकीशी तिरप्या काचेवर निगेटिव्ह मांडायचा, डोळ्याला भिंग लावायचा आणि मनातल्या मनात गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत कामाला लागायचा. नवरीच्या पुळ्या पेन्सिलीने बुजवायच्या, नवरदेवाचे सुटलेले गाल सुरीने तासायचे, कारकुनाला साहेब करायचं आणि साहेबाला माणसात आणायचं. लोक फोटो बघून हरखून जात. आपलंच थोबाड ओळखता न येणाऱ्या या गाढवांची त्याला कीवही येत नसे. डाग असलेली काच आपल्या हातून कधी बाहेर गेली नाही, एवढाच त्याचा अभिमान होता आणि तो त्याने अंगापेक्षा मोठा वाढवून ठेवला होता.

१९६२च्या जानेवारीत एका सकाळी मालोजीराव दुकानात आले. घराणं तीनशे वर्षांपासून बंगळूरचं, नोकरी यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची. डोक्याला माकडटोपी, डोळे सुजलेले, आणि काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच छातीशी अशी धरलेली, की जणू आत तान्हं मूल आहे. ध्यान बघूनच कल्लाप्पाने नाक मुरडलं. गुरुराज बाहेर गेला होता, म्हणून काच त्यालाच घ्यावी लागली.

"आभाळाचा फोटो आहे, अण्णा. डेव्हलप करून एक प्रिंट काढा. स्वल्प जपून, सरी?" एवढं कानडीमिश्रित बोलून मालोजीराव कारखान्याच्या बसला पळाले.

आभाळाचा फोटो. देवानं माणसं एवढी कुरूप केली ती पुरली नाहीत, म्हणून हा आता रिकाम्या आभाळाचे फोटो काढतो, असं पुटपुटत कल्लाप्पाने अंधाऱ्या खोलीत काच धुतली, वाळवली आणि उजेडाला धरली. बघतो तर सगळ्या काचेवर बारीक काळे ठिपके. शेकडो. मोहरी सांडावी तसे. निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो हे त्याला पाठ होतं, तरी चांदण्यांचं त्याच्या मनातही आलं नाही. चांदण्या म्हणजे स्टुडिओतल्या चंद्राच्या पडद्यावर रंगवलेल्या, पाच टोकांच्या, मोजक्या. आणि आभाळ म्हटलं की ते स्वच्छ हवं, हे धंद्यातलं पहिलं कलम. देवळांच्या आणि पुतळ्यांच्या फोटोंतलं आभाळ त्याने आजवर असंच निपटून काढलं होतं. शिवाय काचेच्या मधोमध अंगठ्याएवढा करडा डाग. या गबाळ्याने ओल्या बोटाने काच धरली असणार.

चार तास तो बसला. सुरीच्या टोकाने एकेक ठिपका खरवडला. करडा डाग मात्र हट्टी निघाला. तो स्पिरिटच्या कापसाने हळूहळू घासून उतरवला. असलं नाजूक काम बंगळुरात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं. प्रिंट निघाली ती काळीभोर, गुळगुळीत, निष्कलंक.

दुसऱ्या दिवशी मालोजीरावांनी ती प्रिंट उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली. मग काच मागितली. ती खिडकीशी धरून त्यांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तपासली.

"तारे कुठे गेले, अण्णा?"

"कसले तारे? घाण हुती सगळी. मी साफ केलो."

मालोजीराव स्टुलावर बसले. ओरडले नाहीत. आठ इंची आरसा दहा महिने आपल्या हाताने घासून दुर्बीण केली, ती बनशंकरीच्या देवळापलीकडच्या माळावर नेली, आणि देवयानी नक्षत्राच्या शेजारची एक दीर्घिका टिपायला तीन हिवाळे घालवले, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. दीर्घिका म्हणजे लांबवरचा ताऱ्यांचा अख्खा गाव. आभाळ सरकत राहतं, म्हणून दोन तास एका ताऱ्यावर डोळा ठेवून हाताने स्क्रू फिरवत राहायचं. जरा चुकलं की सगळं फरफटतं. पहिल्या वर्षी फरफटलं, दुसऱ्या वर्षी काच मंद निघाली, एवढा अंधूक उजेड तिच्यावर उमटलाच नाही. ही जलद काच परदेशातून एकाने आणून दिली होती. आता आयात बंद. दुसरी मिळायची नाही. आणि आभाळ बघणाऱ्या हौशी लोकांच्या त्यांच्या मंडळात हा फोटो दाखवायचा होता.

कल्लाप्पाला त्या माणसाचा रागच आला. काचेवरच्या ठिपक्यांसाठी कारखान्यातला शिकलेला माणूस असा मोडून पडतो म्हणजे काय. पण आपल्या हाताला बट्टा लागलेला त्याला परवडणारा नव्हता. त्याने पेन्सिल उचलली.

"एवढंच हाय न्हवं? कसं दिसतंय ते सांगा. हाय तसं काढून देतो. तुमच्या मंडळातल्या एकाच्या बापाला कळायचं न्हाई."

"त्यांना नाही कळणार," मालोजीराव म्हणाले. "पण कसं दिसतं ते मी काय सांगू? माझ्या दुर्बिणीतून ते डोळ्याला दिसतच नाही. मी शेजारचा तारा धरून बसलो होतो. ते फक्त काचेवर उमटतं." त्यांनी काच कल्लाप्पापुढे धरली. "मी नाही पाहिलं, अण्णा. तुम्ही पाहिलंत. मधोमध होतं ना? कसं होतं?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर कल्लाप्पाने तो दुप्पट करून परत केला असता. माणूस खरोखरच विचारत होता, पुढे वाकून, दूरगावाहून आलेल्याला घरच्यांची खुशाली विचारावी तसा.

सत्तेचाळीस साली फोटो काढून गेलेल्या नवरीचा तीळ कुठल्या गालावर होता, हे कल्लाप्पा झोपेतूनही सांगू शकला असता. त्याने डोळे मिटले. करडं काहीतरी होतं. गोल होतं की लांबट? कडेला पीळ होता का? मध्ये गडद होतं? घासताना कापूस कुठून कुठे फिरवला एवढंच हाताला आठवत होतं. थाप मारावी असंही मनात आलं, आणि मारली असती तर हा माणूस ती जन्मभर खरी मानून चालला असता. तोंडाशी आलेली थाप त्याला बाहेर काढवेना.

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"मी नीट बघिटलोच न्हाई, मालोजीराव," तो म्हणाला.