पेल्तिये मास्तर आणि दगडावरची टोपी

एव्हारिस्त पेल्तिये आमच्या व्हालबोर्नच्या शाळेत एकतीस वर्षं फ्रेंच शिकवत होता. तोंडावर मी त्याला कायम ‘अहो मास्तर’ म्हणत आले. इथे म्हणणार नाही. त्यानं आयुष्यात कुणाचा मान ठेवला नाही आणि मीही आता नगरपालिकेतून निवृत्त झाले आहे, कुणाला भ्यायचं कारण नाही.

आमच्या भाषेत क्रियापदाचं एक रूप आहे. मनातली इच्छा, भीती, शंका भूतकाळात सांगायची झाली की ते वापरायचं, असा पुस्तकातला नियम. ‘तुम्ही यावं असं मला वाटत होतं’ यातलं ‘यावं’ म्हणा ना. बोलताना ते कुणीही वापरत नाही. माझ्या आजोबांच्या आजोबांनीही वापरलं नसेल. सगळे साधं रूप वापरतात आणि कुणाचं काही अडत नाही. अडायचं ते एकट्या पेल्तियेचं. जुन्या राजाचा अंगरखा घालून भाजी आणायला निघावं, तसा तो ते रूप घालून बाजारात यायचा.

शनिवारी ओनेझिम खाटकाकडे रांग लागलेली असायची. पेल्तियेचा नंबर आला की तो छत्री दोन्ही हातांनी धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, “आपण मजला चार सॉसेज प्रदान करावीत, अशी मनीषा धरून मी आलो होतो.”

“म्हणजे सॉसेज पाहिजेत ना?” ओनेझिम विचारायचा.

एकदा ओनेझिम सहज बोलून गेला, की गावच्या चर्चची घंटा क्रांतीच्या आधीची आहे. पेल्तियेनं भुवया वर केल्या. “आपल्यासारख्यास हे ठाऊक असावं असं मला वाटलं नव्हतं.” आता ‘ठाऊक असावं’ याचं त्याचं ते रूप ‘सुसिये’. आणि ‘तुम्ही चोखत होतात’ हेही कानाला अगदी तसंच, ‘सुसिये’.

“मी काही चोखत नाहीये बुवा,” ओनेझिम सुरी पुसत म्हणाला. “तुम्हाला चोखायचं असेल तर पलीकडे औषधवाल्याकडे गोळ्या मिळतात.”

रांगेतल्या बाया भिंतीला टेकून हसल्या. पेल्तियेला वाटलं, अडाणीपणामुळे हसतायत. त्याला नेहमी तेच वाटायचं.

इथवर तो नुसता हास्यास्पद होता. माझ्या मनातून तो उतरला तो वर्गात. मी तेव्हा बारा वर्षांची होते. घरी नऊ गाई, आई आजारी. पहाटे धारा काढून मी चार किलोमीटर चालत शाळेत यायचे. एका सकाळी उशीर झाला.

“बार्लो, कारण?”

“धारा काढत होते, मास्तर.”

वर्ग खुदखुदला. पेल्तियेनं मला फळ्याशी बोलावलं. “छान. मग ‘धार काढणे’ हेच क्रियापद घेऊ. त्याच आपल्या रूपात. तिन्ही पुरुषांत, दोन्ही वचनांत लिहा.”

मी लिहिलं. तो म्हणाला, चूक. मी पुसलं, दुसरं लिहिलं. चूक. माझ्या अंगाला गोठ्याचा वास येत होता आणि तो मलाच येत होता, म्हणजे सगळ्यांनाच येत असणार. पंधरा मिनिटं मी लिहीत आणि पुसत होते. खडूची भुकटी बाहीवर कोपरापर्यंत. शेवटी रडायला लागले तेव्हा तो खुर्चीतून उठला आणि वर्गाकडे तोंड करून म्हणाला, “मुलांनो, या क्रियापदाला ते रूपच नाही. आहे कुठं? जे लोक धारा काढतात, त्यांना त्याची गरज कधी पडलीच नाही.”

रूप खरोखरच नाही, हे मी नंतर व्याकरणाच्या पुस्तकात पाहिलं. सगळंच पुस्तक पाहिलं. दोन वर्षं त्या पुस्तकाशिवाय दुसरं काही वाचलं नाही. प्रेमापोटी नाही, रागापोटी. पुढे टंकलेखन शिकले आणि नगरपालिकेत लागले.

एकोणसत्तर साली नगरपालिकेनं ठरवलं, की लेओन्स शासाँची पाटी बसवायची. लेओन्स आमचा पोस्टमन. युद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या, जंगलात लपलेल्या माणसांची पत्रं तो सायकलच्या नळीत घालून न्यायचा. चव्वेचाळीसच्या जूनमध्ये जर्मनांनी त्याला पकडलं आणि पुलापाशी गोळ्या घातल्या. मजकूर कोण लिहिणार? पेल्तियेशिवाय कोण! त्यानं कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. मजकूर साधा होता: शत्रूच्या हाती पडल्यानंतर पोस्टमन लेओन्स शासाँ याला या ठिकाणी गोळ्या घालण्यात आल्या. पण त्या ‘पडल्यानंतर’मधल्या क्रियापदावर, उ या अक्षराच्या डोक्यावर, त्यानं टोपी चढवली होती. ती लहानशी, छपरासारखी खूण. उच्चार तोच राहतो, पण टोपी घातली की झालेली गोष्ट सांगणारं साधं रूप जातं आणि त्याचं ते लाडकं, इच्छा-शंकेचं रूप होतं.

मी टोपी गाळून टंकलं. दुसऱ्या दिवशी तो कागद नाचवत आला. लाल शाईनं टोपी पुन्हा घातलेली, आणि समासात लिहिलेलं: ‘टोपी! अज्ञान!’

“मास्तर,” मी म्हटलं, “इथं टोपी येत नाही. ‘नंतर’ म्हटलं की…”

“सिदोनीबाई, गोठ्यातलं व्याकरण गोठ्यात ठेवा. मी सांगतो तसं टंका.”

मी टंकलं. त्याचा लाल शाईचा कागद फायलीत लावला. नगराध्यक्षांना सांगू शकले असते. पाथरवट ओक्ताव्हला तर रस्ता ओलांडून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. लेओन्सची बहीण एर्मिन अजून जिवंत होती, पुलापलीकडेच राहायची. तिच्या भावाच्या दगडावर मी ती चूक जाऊ दिली, याची मला लाज वाटते. पेल्तियेचं काय झालं त्याची वाटत नाही.

उद्घाटनाला अर्धं गाव आलं होतं. लिमोजहून व्हालेरी तिसोबाई आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, युद्धात लेओन्सच्या बरोबरीनं काम केलेल्या. नगराध्यक्षांनी कापड ओढलं, बँडनं वाजवलं, आणि पेल्तियेनं पाऊण तासाचं भाषण केलं. लेओन्सचं नाव त्यात तीनदा आलं. बाकी सगळं ‘व्हावे’, ‘असावे’, ‘लाभावे’. उन्हात उभी असलेली एर्मिन दोनदा खाली बसली.

तिसोबाई चष्मा लावून पाटीजवळ गेल्या. वाचलं. परत वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी,” पेल्तिये पुढे झाला.

“ही टोपी काढायला पाहिजे.”

“बाईसाहेब,” तो असा हसला, की मला एकदम पुन्हा तो फळा दिसला, “हे रूप आजकाल फार थोड्यांना कळतं.”

“मला चाळीस वर्षं कळतंय, तेच शिकवलं मी. ‘नंतर’च्या पुढे ते येत नाही. नंतर म्हटलं की झालं ते झालं. तिथं इच्छा नाही, शंका नाही.” त्यांचा आवाज वाढला. “लेओन्स त्यांच्या हाती पडला. मी त्या पलीकडच्या कोठाराच्या मागून बघत होते. तुम्हाला शंका आहे का, मास्तर?”

बँडवाल्यानं तुतारी काखेत धरली. पेल्तियेचा चेहरा आधी पांढरा झाला, मग मानेपासून लाल. त्याला चूक कळली होती. मी तेवढ्या जवळ उभी होते; त्याचे ओठ हलले, त्यानं वाक्य मनात म्हणून पाहिलं, आणि त्याला कळलं. त्याच क्षणी ‘चुकलं माझं’ म्हणाला असता तर मी ही गोष्ट कुणाला सांगितली नसती.

तो म्हणाला, “टंकलेखनातली चूक दिसते. आमच्या नगरपालिकेत कुणालाही नेमतात.” आणि बोट दाखवावं तशी छत्री माझ्याकडे रोखली.

नगरपालिका पुलापुढच्या चौकाच्या पलीकडेच. मी गेले, फाईल काढली, परत आले आणि तो कागद नगराध्यक्षांच्या हातात दिला. ते रागीट नव्हते, पण मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती.

“‘टोपी! अज्ञान!’” त्यांनी वाचलं. “मास्तर, हे अक्षर तुमचंच ना?”

पहिला हसला ओनेझिम. मग हसू मागे मागे पसरत गेलं, पार पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत. पेल्तियेची छत्री मिटलेलीच होती, ती त्यानं पुन्हा मिटली. वाइन आणि बटाटे भरलेला भाजका पाव मांडलेला होता, तिकडे न बघता तो उतारानं निघून गेला.

पुढच्या आठवड्यात ओक्ताव्हनं टोपी छिन्नीनं काढून जागा लिंपली. एर्मिन शेजारी उभी होती. “काय काढतोस रे?” तिनं विचारलं.

“टोपी, मावशी. उगाच बसली होती.”

“लेओन्स काही टोपी घालायचा नाही,” ती म्हणाली. “पोस्टाची सुद्धा खिशात ठेवायचा. काढ.”

पेल्तियेनं नगराध्यक्षांना सात पानी पत्र लिहिलं. त्यात ‘नंतर’च्या पुढे टोपी घालणाऱ्या नामवंतांची यादी होती. मी दुसऱ्या पानावर थांबले आणि पत्र आवक फायलीत लावलं. तो बाजारात यायचा बंद झाला. बेकरीतही बायकोलाच पाठवू लागला.

त्या बायकोला, क्लोतिल्दबाईंना, गावानं तोवर धड बोलताना ऐकलंच नव्हतं. त्या शरद ऋतूत त्या नगरपालिकेतल्या माझ्या खिडकीशी ओळखपत्र करायला आल्या. पन्नाशी उलटलेली, हातांत नवे हातमोजे घातलेले.

“मास्तर बरे आहेत ना?” मी विचारलं. विचारायचं म्हणून.

“बरेत. काल जेवताना म्हणाले, ‘मीठ दे.’” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “नुसतं एवढंच. मीठ दे. अहो, एकोणतीस वर्षं मी सूप वाढताना परीक्षा दिलीय. चुकलं की वाक्य पुन्हा म्हणायचं, तोवर सूप गार.”

“मग काय केलंत?”

“दिलं मीठ.” त्या हसल्या. पुढचा एक दात तुटलेला होता, हे मला पहिल्यांदाच दिसलं. “नांतला माझी बहीण असते. आगगाडीनं जायचंय, एकटीला. फोटो चालेल ना हा, की दुसरा काढू?”

मी फोटो चिकटवला आणि शिक्का मारला.