काकूंनी गाळलेली बातमी

शेजारच्या नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सकाळचा पेपर काकू त्यांना वाचून दाखवतात. आमच्या गॅलऱ्या लागूनच आहेत, त्यामुळे हल्ली मीही पेपर ऐकतोच. नानांनी उमेदीच्या काळात एक छोटं साप्ताहिक चालवलं होतं. सरकारनं छापू नका म्हटलेलं छापलं, म्हणून तुरुंगातही जाऊन आले.

आज वाचता वाचता काकू थबकल्या आणि त्यांनी पान उलटलं.

"काय गाळलंस?" नानांनी विचारलं.

"कुठं काय? जाहिरात होती."

"पान फार लवकर उलटलं. सरकारला जमलं नाही, ते तू करतेस होय?"

"सरकारला तुमच्या बीपीची काळजी नव्हती."

मला हसू आलं. मग वाटलं, तुमच्या भल्यासाठीच लपवतोय, असं तर प्रत्येक लपवणारा म्हणतो. मी कधी कुणाचं खरं मानलं नाही. काकूंचं मात्र अगदी खरं होतं, आणि तरीही बातमी कळायचा हक्क नानांचाच होता.

काकूंनी पान मागे उलटलं. नानांचा हात हातात घेऊन हळूहळू वाचलं. तुरुंगात नानांच्या शेजारी झोपणारा त्यांचा मित्र, ज्यांनी दोघांना आत टाकलं त्यांच्याच पक्षात काल गेला होता.

नानांनी पेपरच्या दिशेनं मान वळवली.

"फोटो आहे? कसा दिसतोय?"

काकूंनी पेपर जवळ धरला. "फार थकलेत हो."

"बघ," नाना हळूच म्हणाले, "हेही तू मला कळू देणार नव्हतीस."