तीन मीटर पाच

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील कुरकुंभच्या कारखान्यात कामाला. युनियनची वाटून उरलेली पत्रकं घरी आणायचे. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची आणि छापील बाजू मोठ्यानं वाचायची. त्यामुळे पाचवीत मला ‘अन्याय’ हा शब्द अचूक लिहिता येत होता. दशांश अपूर्णांक मात्र येत नव्हते.

मांडवगणच्या आमच्या शाळेतून लांब उडीच्या तालुका स्पर्धेसाठी शिरूरला एकच मुलगी जाणार होती. मी, नाहीतर माझ्या बाकावरची मैत्रीण. मला जायचंच होतं. बाई मुलांच्या शर्यतीत अडकल्या होत्या, म्हणून आमच्या उड्या मॉनिटरनं टेपनं मोजल्या आणि वर्गात येऊन फळ्यावर लिहिल्या. माझी ३.४०, तिची ३.५. खड्ड्यातली वाळू तोवर सारखी करून झाली होती.

बाई आल्या, फळा बघितला. “साडेतीन! ही जाईल शिरूरला.”

मी उभी राहिले. “बाई, हा अन्याय हाय. चाळीस मोठे का पाच?”

“आलं मोर्चाचं पोरगं,” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. “काल काय शिकवलं? टिंबानंतरचं पहिलं घर दशांशाचं. तिथं पाच म्हणजे अर्धा मीटर. तुझे तिथं चारच.”

नियम बरोबर होता. पण वाळूत माझी खूण तिच्या पुढं पडलेली मी पाहिली होती. नियमापुढं ते कसं मांडायचं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. मी खाली बसले.

मैत्रीण फळ्याकडे बघत होती. “बाई, साडेतीन मीटर कुठवर येतं?”

सगळा वर्ग खड्ड्यापाशी गेला. मॉनिटरनं उडी घ्यायच्या फळीपासून टेप ताणली. साडेतीनच्या आकड्यावर ती जाऊन उभी राहिली आणि मागं वळून फळीकडे बघितलं.

“एवढं? मी काय हरीण हाय का? माझी उडी हितं पडलेली.” ती बरीच मागं सरकली. बाईंनी वाकून टेप वाचली आणि मॉनिटरकडे बघितलं.

“तीन मीटर पाच सेंटिमीटर. तेच तर लिवलंय, बाई,” तो म्हणाला.

“पाच सेंटिमीटरनं दशांशाचं घर भरतं का? दहा लागतात. ते घर रिकामं. रिकाम्या घरात काय लिहायचं?”

“शून्य,” मैत्रीणच म्हणाली.

वर्गात परतल्यावर खडूही तिनंच उचलला. टिंब आणि पाच यांच्यामध्ये जागा नव्हती. तिनं आपला आकडा पुसला आणि नव्यानं लिहिला: ३.०५. खडू ठेवून बाकावर आली, मला कोपरानं ढोसलं.

“सरक की. आन् तिकडं जाऊन हरलीस ना, मंग बघ.”