चौघांतला झोपलेला

बायको जिला लाल डोकेदुखी म्हणते, ती माझी जुनी स्पोर्ट्‌स कार मिसिंग मारत गचके द्यायला लागली, की मी ती सात रस्त्याजवळच्या गॅरेजात नेतो. गॅरेज चार भावांचं. माझी गाडी मात्र थोरलाच बघतो. आधी डोळे मिटून बॉनेटकडे कान लावतो आणि रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनाही गप करतो.

"सायेब, इंजिनात चार भाऊ हायत. एक झोपलाय, तिघं त्याला वढायलेत." चार सिलिंडरांबद्दलचं हे त्याचं ठरलेलं वाक्य.

परवा शॉक बसू नये म्हणून हातात चपलेचं रबर धरून त्यानं चालू इंजिनाच्या प्लगची एक वायर उपसली. इंजिन अडखळलं. "ह्यो कामाचा." ती बसवून दुसरी उपसली. तेच झालं. तिसरी काढली, तर आवाजात काडीचाही फरक नाही.

"घावला! जो गेल्यालं कुणाला कळंना, त्योच झोपल्याला."

तडकलेली वायर बदलली आणि गाडी सुरळीत चालू लागली. खुशीत तो मला समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेला. "मी हललो की गॅरेज बंद पडतंय बगा."

एक चहा झाला, दुसरा आला. समोर तिघा भावांची ठोकाठोकी, शिव्या, हसणं जसंच्या तसं चालू होतं. कुणी त्याला हाक मारली नाही. सवयीनं त्यानं डोळे मिटले, गॅरेजकडं कान लावला आणि अर्धा कप ठेवून ताडकन उठला.

"चला सायेब. फुडच्या बारीला चा तितंच मागवू की."